वडिलांच्या नावाची पाटी आणि वरचे तीस हजार

मागावरचा | रविवार, रात्री १०:२०

जय ख्रिस्त. बरेच दिवस इथे नुसता वाचतो. आज लिहितोय, कारण पुढच्या रविवारी कमिटीला उत्तर द्यायचं आहे आणि माझं मन ठिकाणावर नाही.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं शेड होतं, आठ माग. चादरीचे. गिरणी बंद पडल्यावर अण्णांनी मिळालेल्या पैशातून दोन मागांवर सुरुवात केली आणि पंचवीस वर्षांत आठ केले. अण्णा गेले, सुताचे भाव आम्हाला झेपेनात, कारागीर मिळेनात. शेवटी माग किलोवर विकले, शेडही विकलं. बँकेचं आणि सूतवाल्याचं देणं फेडून ३४ लाख उरले. मी आणि धाकटा भाऊ, दोघांत १७-१७.

आमच्या चर्चचा नवा हॉल होतोय. माझा दशांश, म्हणजे देवाला द्यायचा दहावा भाग, होतो १ लाख ७० हजार. कमिटीने ठरवलंय की दोन लाख किंवा त्याहून जास्त देणाऱ्याने सांगितलेलं नाव संगमरवरी पाटीवर कोरायचं. मी लगेच सांगून टाकलं, दोन लाख, अण्णांच्या नावाने.

घरी आलो, जेवलो, प्रार्थनेला बसलो आणि एकच प्रश्न समोर येऊन बसला. दशांश देवाचा. मग वरचे तीस हजार कोणाचे? पाटीचा आकडा दीड लाख असता तर मी एक लाख सत्तरच दिले असते, हे मला पक्कं माहीत आहे. म्हणजे तीस हजारांना मी संगमरवरावर चार अक्षरं विकत घेतोय. अण्णांच्या प्रेमापोटी म्हणावं, तर पाटी वाचताना लोक मुलाचंच नाव काढणार, हेही डोक्यात होतंच.

देऊ की नको? पाटी घेऊ की नको? स्पष्ट सांगा.

रंगभवन चौक | रविवार, रात्री ११:०५

दादा, बायबलात मत्तयच्या सहाव्या अध्यायात उत्तर आहे. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नको. दोन लाख द्या, पाटी नको म्हणा. विषय संपला.

पण खरं सांगू का, तेवढ्याने विषय संपत नाही. मी एका मुलाची कॉलेजची फी दोन वर्षं भरली. कोणालाच सांगितलं नाही, बायकोलाही नाही. तो मुलगा नंतर सात रस्त्यावर भेटायचा आणि मान वळवून जायचा. मी वर्षभर त्याच्यावर राग धरून होतो. त्याला बिचाऱ्याला माहीतच नव्हतं की पैसे मी दिले. म्हणजे पाटी मीही लावली होती, फक्त ती माझ्या मनात होती आणि त्याने ती वाचावी अशी माझी अपेक्षा होती. नाव लपवलं म्हणजे हेतू धुऊन निघतो, असं आता मला वाटत नाही.

माजी खजिनदार | सोमवार, सकाळी ७:४०

मी एका मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, २२ वर्षं खजिनदार होतो. त्या अनुभवावरून थोडं सविस्तर लिहितो.

नाव लावणं हे पाप आहे असं मी मानत नाही. प्रेषित पौल करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात मासेदोनियाच्या मंडळ्यांचं उदाहरण उघड देतो, ते किती गरीब होते आणि तरी त्यांनी कसं दिलं, हे सगळ्यांदेखत सांगतो. त्याच पत्रात, आठव्या अध्यायात, यरुशलेमच्या गरिबांसाठी गोळा केलेली रक्कम नेताना तो आपल्या सहकारी तीताबरोबर मंडळ्यांनी निवडलेला माणूस पाठवतो. का? एवढ्या मोठ्या रकमेवरून कोणी बोट दाखवू नये म्हणून. देवाच्याच नव्हे, माणसांच्या दृष्टीनेही जे बरं ते आपण पाहतो, असं कारणही देतो. म्हणून अर्पण मोजायला दोघं, लिहायला तिसरा, पावती प्रत्येकाला आणि वार्षिक अहवालात नावानिशी यादी, हा नियम मी शेवटपर्यंत पाळला. 'गुप्तदान' या एका शब्दाखाली पैसे कुठे जिरतात हे मी पाहिलेलं आहे. देणाऱ्याने गुप्त राहावं, घेणाऱ्याने उघड राहावं. या दोन गोष्टींची गल्लत करू नका.

आता दुसरी बाजू. हंगामाच्या सणाला भक्तीनंतर आपल्याकडे लिलाव होतो. कोणाचा भोपळा, कोणाची कोंबडी, कोणी केलेला केक, ज्वारीची पेंढी. एका वर्षी एका नारळावर दोन घराण्यांची चढाओढ लागली आणि तो ११ हजारांवर गेला. टाळ्या झाल्या, फोटो निघाले. ते ११ हजार यायला दोन वर्षं लागली, आणि तेही मी दर रविवारी गेटवर उभा राहिलो तेव्हा.

त्याच मंडळीत एक आजी होत्या, दवाखान्यात सफाईच्या कामावरून निवृत्त झालेल्या. दर रविवारी पाकिटात दहा रुपये. महिनाअखेरीला कधी दोनच निघायचे आणि पाकिटावर पेन्सिलीने लिहिलेलं असायचं, 'बाकी आठ पुढच्या रविवारी.' एकदाही चुकलं नाही. मार्कच्या बाराव्या अध्यायात विधवेच्या दोन टोल्यांची, म्हणजे अगदी लहान नाण्यांची, गोष्ट आहे. प्रभू भांडारासमोर बसून लोक पैसे कसे टाकतात ते बघत होता, असं तिथे लिहिलंय. मला ते 'कसे' महत्त्वाचं वाटतं. मोजायला बसलो की प्रत्येक वेळी आठवायचं, कोणीतरी बघतंय.

तुमच्या तीस हजारांबद्दल मी लगेच काही बोलत नाही. थोडा विचार करतो.

हिंजवडी ते सोलापूर | सोमवार, दुपारी १:१५

माझा अनुभव वेगळा आहे पण सांगतो, कारण हेतूचीच गोष्ट आहे.

नोकरी गेली होती. एका ऑनलाइन सभेत सांगितलं की विश्वासाचं बीज पेरा, शंभरपट मिळेल, स्क्रीनवर क्यूआर कोड. मी क्रेडिट कार्डावरून २१ हजार उचलले आणि पेरले. नोकरी चार महिन्यांनी लागली, आधीपेक्षा कमी पगाराची. कर्ज फेडायला वर्ष गेलं. त्या लोकांवर राग होता, अजूनही आहे. पण नंतर स्वतःला विचारलं तेव्हा कळलं की मी देवाला दिलं नव्हतंच. मी देवाकडे पैसे गुंतवले होते आणि व्याज आलं नाही म्हणून भांडत होतो.

मलाखीचं तिसरं प्रकरण सगळ्यांना पाठ असतं, दशांश भांडारात आणा, मी आकाशकपाटं उघडतो की नाही बघा. पण त्या भांडारातलं धान्य जायचं कोणाकडे, हे त्या सभेत कोणी सांगितलं नाही. जुन्या करारातल्या अनुवाद या पुस्तकाचा १४ वा अध्याय वाचा. तिसऱ्या वर्षाचा दशांश गावातच ठेवायचा आणि लेवी (मंदिराची सेवा करणारा), परका, अनाथ, विधवा यांनी पोटभर खायचा. तिथेही आशीर्वादाचं वचन आहे, पण ते या चौघांचं पोट भरल्यानंतर येतं.

मागावरचा दादा, तुमच्या १७ लाखांच्या आसपास कोणी उपाशी आहे का, हे बघितलंत का? आरोप करत नाही, सहज विचारतोय.

रात्रपाळी | सोमवार, रात्री ११:५०

वॉर्डमध्ये जरा शांत आहे म्हणून लिहिते.

मागावरचा दादा, तुम्ही लिहिलंत 'मी आणि धाकटा भाऊ, दोघांत'. बहीण आहे का तुम्हाला?

मागावरचा | मंगळवार, रात्री ९:३०

आहे. मोठी. मोहोळला असते.

उत्तर द्यायला दिवसभर लावला, कारण काय लिहायचं ते ठरत नव्हतं. ताईने चार वर्षांपूर्वी हक्कसोडपत्रावर सही केली आहे. रजिस्ट्रार ऑफिसात येऊन, स्वतःच्या हाताने. कोणी जबरदस्ती केली नाही. आम्ही फोन केला, ती सकाळच्या एसटीने आली, सही केली, दुपारच्या एसटीने गेली.

आणि हेही लिहून टाकतो. ताई सातवीपासून लग्न होईपर्यंत शेडमध्ये सुताच्या कांड्या भरायची. शाळेतून आली की दप्तर ठेवून थेट तिकडे. मी आणि भाऊ शिकलो, ती दहावीनंतर थांबली. तिला मजुरी कधीच नव्हती, घरचंच काम ना. पोस्ट लिहिताना मला हे आठवलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, आठवलं होतं. लिहिलं नाही.

पूर्वभाग | मंगळवार, रात्री १०:१०

आता विषय भलतीकडे निघाला. दादांनी पाटीबद्दल विचारलं होतं. ताईंनी राजीखुशीने सही केली, कायद्याने विषय मिटला. लग्नात अण्णांनी खर्च केलाच असेल, सोनंही घातलं असेल. आपल्याकडे बहिणी माहेर तुटू नये म्हणून हक्क सोडतात, त्यात प्रेम असतं. त्या प्रेमाचा हिशोब मांडून तुम्ही त्यांचाच अपमान करताय.

रात्रपाळी | बुधवार, पहाटे ३:२०

पूर्वभाग दादा, प्रेम असतं हे मान्य. मीही सही केलेली बहीण आहे, म्हणून सांगते. सहीच्या कागदाबरोबर एक न बोललेला कागद असतो. सही दिलीस तर दिवाळीला, नाताळला, बाळंतपणाला दार उघडं. नाही दिलीस तर बघ. त्याला राजीखुशी म्हणायचं तर म्हणा.

कायद्याचं म्हणाल तर आपल्याला, ख्रिस्ती लोकांना, १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे. मृत्युपत्र नसेल आणि आईही हयात नसेल, तर वडिलांच्या मिळकतीत सगळ्या मुलांचा वाटा सारखा. मुलगा-मुलगी हा भेदच त्यात नाही. आणि लग्नात काय दिलं, शिक्षणाला काय दिलं, ते वाट्यातून वजा करता येत नाही, हेही त्याच कायद्यात लिहिलेलं आहे. केरळात त्रावणकोरच्या ख्रिस्ती मुलींना जुन्या कायद्याने मुलाच्या वाट्याचा चौथा हिस्सा किंवा पाच हजार रुपये, यातलं जे कमी असेल ते मिळायचं. मेरी रॉय सुप्रीम कोर्टापर्यंत गेल्या आणि १९८६ साली निकाल लागला की तिथेही १९२५ चाच कायदा चालेल. आपल्याकडे तो हक्क आधीपासून होता, तरी आपण तो हक्कसोडपत्राने काढून घेतो.

मागावरचा दादा, सही झाली म्हणून तुम्हाला देता येत नाही असं नाही. भावाने बहिणीला पैसे दिले तर तिला त्यावर आयकरही लागत नाही. वकिलाला एकदा विचारून घ्या.

माजी खजिनदार | बुधवार, सकाळी ८:००

तीस हजारांबद्दल नंतर बोलतो म्हणालो होतो. आता बोलतो.

लूकच्या बाराव्या अध्यायातली मूर्ख धनवानाची गोष्ट आपण दर वर्षी ऐकतो. कोठारं पाडून मोठी बांधीन म्हणणारा, आणि त्याच रात्री मरणारा. पण ती गोष्ट प्रभूने का सांगितली? गर्दीतला एक माणूस म्हणाला, गुरुजी, माझ्या भावाला वतन वाटून द्यायला सांगा. त्यावर प्रभूने सांगितली. वाटणीच्याच भांडणात. मी इतकी वर्षं ही गोष्ट वाचली आणि ते पहिलं वाक्य ओलांडून पुढे जात राहिलो.

मार्कच्या सातव्या अध्यायात कुर्बानचा प्रसंग आहे. आईबापांना जे द्यायचं ते 'कुर्बान', म्हणजे देवाला वाहिलेलं, असं म्हणून टाकलं की मग आईबापांसाठी काही करायला नको. प्रभूला संताप आला तो याचा. घरच्या माणसाचं देणं बुडवून वेदीवर चढवलेला पैसा. दान मोठं की लहान, नावासह की नावाशिवाय, ही चौकशी नंतरची. आधी पैसा कोणाचा, ते.

प्रेषितांच्या कृत्यांतल्या हनन्या आणि सप्पीरा या नवराबायकोचंही तेच. जमीन विकली, काही पैसे मागे ठेवले, सगळे दिले असं सांगितलं. प्रेषित पेत्र म्हणतो, विकल्यावरही ते तुझेच नव्हते का? म्हणजे सगळं दे अशी सक्ती कोणी केली नव्हती. तुमच्या बाबतीत मला त्यातल्या 'तुझे' या शब्दावर थांबावंसं वाटतं.

हिशोब करायची सवय आहे म्हणून केला. ३४ लाखांचे तीन वाटे, प्रत्येकी ११ लाख ३३ हजार ३३३. तुमच्याकडच्या १७ मध्ये ५ लाख ६६ हजार ६६७ ताईंचे. तुम्ही १७ वर दशांश काढलात, त्यातले ५६ हजार ६६७ त्यांच्या पैशांचा दशांश होता. तीस हजारांनी तुमची झोप गेली, पण या ५६ हजारांनी नाही गेली. मी बोचून लिहितोय, रागावू नका. माझ्या वडिलांच्या घराच्या वेळी मीही बहिणीची सही घेतली होती. ती आता या जगात नाही. तुम्हाला मोहोळला जाणारी एसटी अजून मिळते.

आजीची पेटी | बुधवार, रात्री ९:४५

हेतूबद्दल दोन शब्द लिहिते, कारण मागावरचा दादा शेवटी असं म्हणतील की माझा हेतूच शुद्ध नाही, तर काहीच देत नाही.

१८७६ ते ७८ च्या दुष्काळात आपला भाग होरपळून निघाला. आमच्या घरी सांगतात, पणजोबांना लहानपणी मिशनच्या आवारात आणून सोडलं ते तिथे खायला मिळतं म्हणून. शुभवर्तमान ऐकायला नाही. पुढे बाप्तिस्मा झाला. शाळेत असताना मला मुली म्हणायच्या, तुम्ही भाकरीसाठी बाटलेले. मी रडत घरी यायचे. आजी पेटीतून पणजोबांचं जुनं शास्त्र, म्हणजे बायबल, काढायची, समासात त्यांच्या हाताने लिहिलेल्या खुणा दाखवायची आणि म्हणायची, भाकरीसाठीच आले होते, मग? योहानाच्या सहाव्या अध्यायात प्रभू लोकांना तोंडावर म्हणतो की तुम्ही भाकरी खाऊन तृप्त झालात म्हणून मला शोधताय. त्यांचा हेतू त्याला आधी कळला नव्हता का? तरी आदल्या दिवशी त्याने पाच हजारांना जेवू घातलंच.

मिशनचा पगार घेणाऱ्यांवरही तोच आरोप व्हायचा. कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनचं काम आणि पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. तोवर वीसेक वर्षं तेच काम त्यांनी मिशनमध्ये राहून केलं होतं. पगार घेतला म्हणून त्या वर्षांतली भजनं खोटी ठरत नाहीत.

माझ्या पणजोबांचा हेतू निखळ होईपर्यंत कोणी थांबलं असतं, तर आज मी नसते. म्हणून दादा, हेतू तपासत बसून ताईकडे जायचं लांबवू नका. अपराधीपणाने जा, लाजेने जा, या धाग्यावरचे लोक काय म्हणतील म्हणून जा. पण जा.

पूर्वभाग | बुधवार, रात्री १०:३०

मी काल लिहिलं त्यातलं कायद्याचं मागे घेतो. लग्नखर्च वजा होत नाही हे मला माहीत नव्हतं. बाकी अजून पटलेलं नाही. धाकट्या भावाचं काय? त्याच्या पैशांवर दादांनी पुण्य कमवायचं का?

मागावरचा | शुक्रवार, रात्री १०:५५

काल मोहोळला जाऊन आलो. जसं झालं तसं लिहितो.

ताईने शेंगाचटणी आणि कडक भाकरी पुढे ठेवली. दाजी शेतात होते. मी तासभर इकडचं तिकडचं बोललो. मग फोनवरचा हा धागाच तिच्या हातात दिला, कारण तोंडाने बोलायला जमेना. तिने चष्मा लावून सगळं वाचलं. धाग्यात परत वर गेली, परत खाली आली.

म्हणाली, "आठ माग लिहिलेत. शेवटचे दोन माझं लग्न झाल्यावर आले. मी होते तेव्हा सहाच होते."

नंतर म्हणाली, "त्या दिवशी सही झाल्यावर मी तुला म्हटलं होतं, बस स्टँडवर चहा घेऊ या. तू म्हणालास उशीर होतोय."

मला आठवत नव्हतं. अजूनही आठवत नाही. पण ती खोटं बोलत नाही.

मी पैशांचं बोललो. मनातल्या मनात मी ऐकायला तयार होतो की ती म्हणेल, मला नको रे, तू विचारलंस यातच सगळं आलं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मी नको म्हणावं असं वाटतंय ना तुला? मी घेणार. धाकटीच्या नर्सिंगची फी आहे, आणि माझे गुडघे."

पूर्वभाग, तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे अर्धंच आहे. माझ्याकडचे ५ लाख ६६ हजार ६६७ मी देणार, ते माझ्या हातात आहे. भावाला फोन केला. तो दोन मिनिटं गप्प राहिला आणि म्हणाला, चर्चमध्ये नाव पाहिजे तुला, बहिणीत पण पाहिजे. फोन ठेवला. त्याच्या बोलण्यात तथ्य नाही असं मी म्हणू शकत नाही. शनिवारी वकिलाकडे जातोय. भावाला वेळ कळवली आहे, येईल की नाही माहीत नाही.

कमिटीच्या सेक्रेटरींना आज सांगितलं की पाटी नको आणि दोन लाखही नाहीत. १ लाख १३ हजार ३३३ देईन, आधी ताईच्या खात्यात पैसे जमा होऊ देत. ते म्हणाले, पाटीचा मजकूर कोरायला दिलाय, अण्णांचं नाव त्यात आहे, आता कसं करायचं? मी म्हटलं, काढा. ताईला हे सांगितलं तर ती म्हणाली, काढलं ते बरं केलंस, आईचं नाव नव्हतंच त्यावर.

माजी खजिनदार | शनिवार, सकाळी ६:५०

सेक्रेटरींशी मी बोलतो. दगड अजून कारागिराकडेच आहे, इतकी घाई नाही. पावती एकाच नावाने फाडायची का तिघांच्या?

मागावरचा | शनिवार, सकाळी ७:१५

एकाच. ताई तिचं पाकीट तिथल्या मंडळीत देणार आहे. किती, ते मी विचारलं नाही.